बर्फ कोणी काढला?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे सव्वासहा वाजले असतील, बाहेर मिट्ट काळोख, आणि आमच्या दाराची घंटा वाजली. नेपरव्हिलमध्ये अशा वेळी घंटा वाजत नाही. इथे दिवसाढवळ्यासुद्धा कोणी न कळवता येत नाही. मी अंगाभोवती शाल ओढून खाली आले. दार उघडलं तर समोर एक तरुण पोलिस आणि त्याच्या शेजारी आमचे अण्णा. डोक्याला माकडटोपी, अंगात माझ्या नवऱ्याचं जाकीट, जाकिटावरून गावाकडची काळी घोंगडी आणि हातात बर्फ काढायचं फावडं.

"हे तुमच्याकडचे का?" पोलिसाने विचारलं.

मी हो म्हटलं. माझे वडील, भारतातून आलेत, इंग्रजी येत नाही. तो हसला. कोणीतरी फोन केला होता म्हणून यावं लागलं, म्हणाला. बर्फ छान काढलाय, थंडी फार आहे, त्यांना आत घ्या. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. गाडीचे दिवे वळणावर दिसेनासे झाले तरी मी दारातच उभी होते. अण्णांनी फावडं कोपऱ्यात ठेवलं, बूट काढले आणि विचारलं, "काय म्हणत होता गं तो?"

"काही नाही, गुड मॉर्निंग म्हणाला."

अण्णा सदतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. पहिली गाडी पाचची, त्यामुळे रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी चारला डोळे उघडतातच. आई गेल्यावर साताऱ्याच्या घरात एकटे पडले, म्हणून मी त्यांना हट्टाने सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. इथे येऊन करायचं काय? टीव्ही समजत नाही, कार चालवता येत नाही, आणि नेपरव्हिलमध्ये कारशिवाय माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. मग पहिला बर्फ पडला आणि अण्णांना काम सापडलं. आधी आमचा ड्राइव्हवे. मग समोरचा साइडवॉक. मग शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचा. हात लागलाच आहे तर त्यांच्या पलीकडच्या घराचाही. आम्ही उठायच्या आत सगळं आटपून ते चहाला हजर. आम्हाला वाटायचं, म्हातारा फक्त आपलंच अंगण झाडतोय.

त्या संध्याकाळी आमच्या सबडिव्हिजनच्या शेजाऱ्यांच्या ॲपवर मी तो फोटो पाहिला. कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्याने अंधारात टिपलेला, करड्या रंगाचा. एक वाकलेली आकृती, खांद्यावरून लोंबणारं काहीतरी काळं, चेहरा झाकलेला, हातात लांब दांड्याचं हत्यार. त्या कॅमेऱ्यात डोळे पांढरे चमकतात, तसे दोन ठिपके. खाली लिहिलेलं, पहाटे पाच वाजता हा माणूस आमच्या गॅरेजपाशी काय करतोय? त्याखाली तेवीस जणांचं म्हणणं. गाड्या लॉक करा. मुलांना एकटं सोडू नका. मागच्या आठवड्यातही दिसला होता. पोलिसांना फोन केलाय.

खरं सांगते, क्षणभर मलाही भीती वाटली. आणि ते माझे वडील होते.

लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. हायस्कूलला आहे, आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला इंग्रजीच्या तासाला 'फ्रँकेनस्टाइन' लावलेलं. ती म्हणाली, "आई, हे तर माझ्या पुस्तकात आहे."

मला आधी कळेना. 'फ्रँकेनस्टाइन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चौकोनी डोकं, मानेतून बाहेर आलेले खिळे, दोन्ही हात पुढे करून चालणारा तो सिनेमातला राक्षस. त्यात बर्फ काढणं कुठून आलं? लेकीने पान उघडून दाखवलं. मी कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, ही कादंबरी तेव्हा गाइडवरून 'झालेली', त्यामुळे वाचलेली नव्हती हे त्या दिवशी कबूल करावं लागलं. रात्री बसले ती दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

गोष्ट अशी. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन नावाचा एक हुशार विद्यार्थी मृत शरीरांचे तुकडे जोडून एक जीव तयार करतो, तो डोळे उघडतो, आणि त्याचं रूप बघून हाच पळून जातो. म्हणजे फ्रँकेनस्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव. जो बनला, त्याला अख्ख्या पुस्तकात नावच नाही. बारसं करणारं कोणी नव्हतं. तो भटकत भटकत एका खेडेगावातल्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. झोपडीत एक आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा राहतात. फटीतून त्यांना बघत हा बोलायला शिकतो, मग वाचायला. ती माणसं गरीब आहेत, आपण त्यांचं खाणं चोरतो म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढतो, हे लक्षात आल्यावर चोरी बंद करतो आणि कंदमुळं खाऊन राहतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून आणून ठेवतो. आणि बर्फ पडला की त्यांच्या दारातली वाट साफ करतो. ती माणसं सकाळी उठून नवल करतात, कोण बरं हा सज्जन आत्मा!

हे पुस्तक लिहिणारी मेरी शेली तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची. एप्रिल १८१५ मध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हा सरोवराकाठी सुट्टीला गेलेली मंडळी पावसात घरात अडकली, भुताच्या गोष्टी रचायची पैज लागली, त्यातून हे जन्मलं आणि १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाशिवाय छापलं गेलं. ही कथा सगळे सांगतात. मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, हिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी बाळंतपणाच्या दुखण्याने गेली. मेरीचं स्वतःचं पहिलं बाळ १८१५ मध्ये काही दिवसांतच गेलं. जन्म देणाऱ्याने जन्मलेल्याला टाकून जाणं म्हणजे काय, हे त्या पोरीला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

जाता जाता एक. या कादंबरीची मेरीने सुधारलेली आवृत्ती निघाली १८३१ मध्ये, आणि त्याच वर्षी जोसेफ नेपर नावाचा माणूस ड्युपेज नदीकाठी आला. त्याचंच हे नेपरव्हिल. पुढच्याच वर्षी वसाहतवाल्यांनी इथल्या मूळ लोकांच्या भीतीने फोर्ट पेन नावाची गढी उभारली. नदीकाठचे पोटावाटोमी लोक मग इथून गेलेच. पुस्तकातला तो जीव खोपटात बसून इतिहास ऐकत असतो, त्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे येतं आणि तो रडतो. मी हे वाचलं तेव्हा खिडकीबाहेर आमचा पाँड, त्याभोवती गीझ पक्ष्यांची घाण आणि ओळीने तीस सारखी घरं. आम्हीही इथे उपरेच. पण आमच्याकडे मॉर्गेज आहे!

तर पुढचे चार दिवस आमच्या घरी रोज रात्री जेवणं झाली की 'फ्रँकेनस्टाइन' चाले. लेक अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या मराठीत सांगणार, मी मधली पोकळी भरणार, अण्णा भाजलेले शेंगदाणे सोलत ऐकणार. अण्णांना हा विषय परका नव्हता. मुक्कामाच्या गाड्यांवर रात्र काढायची तर काय करणार, त्यांनी आयुष्यभर नारायण धारप वाचले. लायब्ररीतली धारपांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरलेली असायची, शेवटची पानं तर बहुतेक वेळा नसायचीच, असं ते सांगतात. रत्नाकर मतकरीही त्यांचे आवडते. या वेळी येतानाही बॅगेत धारपांची दोन पुस्तकं होती. नातीला 'तुंबाड' माहीत होता, पण त्या सिनेमामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे हे तिला अण्णांकडून कळलं, आणि आजोबांचा भाव एकदम वधारला.

इंग्रजीत ज्याला गॉथिक म्हणतात त्याची सुरुवात १७६४ साली होरेस वॉलपोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रांटो'पासून धरतात. पडके किल्ले, भुयारं, वादळी रात्री, बापजाद्यांचं पाप. हे आपल्याला नवं नाही, कोकणातल्या कुठल्याही वाड्यात सापडेल. पण अण्णांनी दुसऱ्याच रात्री नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

"आमच्या धारपांच्यात," ते म्हणाले, "वंगाळ काय असंल ते बाहेरनं येतं. मग समर्थ येतात, त्याला घालवतात, घर मोकळं. ह्यात घालवणारा कुणी दिसत न्हाई."

"कारण यात तो बाहेरून येतच नाही आबा," लेक म्हणाली. "त्याला लोकांनीच तसं केलं. सोसायटी मेड हिम अ मॉन्स्टर."

हे बहुधा वर्गात फळ्यावर लिहिलेलं वाक्य असावं. अण्णांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "आपल्याकडं भूत कोण होतं, सांग बघू."

तिला मुंज्या ठाऊक होता, २०२४ चा सिनेमा बघून. अण्णांनी पुढे मोजायला सुरुवात केली. मुंज झाली, पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती हडळ. वारस नाही, मागे पाणी द्यायला कोणी नाही, तो समंध. "ह्यात कुणी मुळातनं वाईट हाय का? पोर हाय, बाळंतीण हाय. ज्याचं द्यायचं राहिलं, तो भूत."

मी लहानपणापासून ही नावं ऐकत आले, पण ही यादी म्हणजे गावाची उधारीची वही आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाळंतिणीला काळोख्या खोलीत ठेवायचं, ती गेली की तिलाच घाबरायचं, आणि पोरांना सांगायचं, विहिरीवर जाऊ नका, हडळ आहे. मेरी शेलीचा जीव हेच ओरडून सांगतो, फक्त इंग्रजीत. मी वाईट जन्मलो नव्हतो, दुःखाने मला असं केलं, मला सुखी करा, मी पुन्हा चांगला होईन.

पण अण्णा तेवढ्याने पटवून घेणारे नव्हते. तो जीव पुढे व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, छोट्या विल्यमचा, गळा दाबतो. तो खून जस्टीन नावाच्या मोलकरणीच्या अंगावर ढकलला जातो, आणि तिला फाशी होते. "लोकांनी छळलं, मान्य," अण्णा म्हणाले. "पण गळा त्यानंच दाबला न्हवं? त्या पोरानं काय केलं हुतं?" लेक म्हणाली, "पण आबा, त्याला दुसरा चान्सच दिला नाही." "न्हाई दिला. तरी गळा त्यानंच दाबला." त्यावर दोघेही गप्प. मला वाटतं मेरी शेलीचा डाव इथेच आहे. ती एकाही बाजूला सुटू देत नाही. आणि जस्टीनचं प्रकरण बघा, ते तर सरळ कोर्टातलं आहे. पाद्री तिला धमकावतो, गुन्हा कबूल कर नाहीतर नरकात जाशील, आणि ती न केलेला खून कबूल करते. तिथे कोणी राक्षस नाही. न्यायाधीश आहेत, धर्म आहे, हळहळणारे शेजारी आहेत, आणि एक निरपराध मुलगी फासावर जाते.

मला मात्र सगळ्यात जास्त छळलं फेलिक्सने.

तो जीव कित्येक महिने हिंमत गोळा करतो. मुलं फिरायला गेलेली बघून एकट्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे जातो. म्हाताऱ्याला रूप दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. तो त्याला शेकोटीपाशी बसवतो, त्याचं ऐकून घेतो. अख्ख्या कादंबरीत या जिवाशी माणसासारखं बोलणारा पहिला हाच. तेवढ्यात फेलिक्स परत येतो, बघतो, आणि त्याला खाली पाडून काठीने मारत सुटतो. आता हा फेलिक्स कोण? दुष्ट, अडाणी? अजिबात नाही. पॅरिसमध्ये एका परक्या तुर्की माणसाला अन्यायाने शिक्षा झालेली त्याला सहन झाली नाही, म्हणून त्याला तुरुंगातून सोडवण्यासाठी याने स्वतःचं घरदार, पैसा, देश सगळं गमावलेलं असतं. म्हणूनच तर ते सगळे त्या झोपडीत असतात. परक्यासाठी उभा राहिलेला माणूस, आणि दारात दुसरा परका आला तर हातात काठी.

आमच्या ॲपवर तो फोटो टाकणारे गृहस्थ दोन घरं सोडून राहतात. भला माणूस. दर महिन्याला उपाशी मुलांसाठी अन्नाची पाकिटं भरायला जातो, आम्हालाही बोलावतो. दुसऱ्या दिवशी त्याला खरं कळलं तेव्हा त्याने पोस्ट काढून टाकली आणि डबाभर कुकीज घेऊन घरी आला. कान लाल झालेले. अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून माफी मागितली. अण्णांनी कुकीज खाल्ल्या, गोड जास्त आहे म्हणाले.

इथवर आले की मैत्रिणी म्हणतात, बघ, शेवट गोड झाला ना. झाला. अलाबामात मॅडिसन नावाच्या गावी फेब्रुवारी २०१५ मध्ये तो गोड झाला नव्हता. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा, इंग्रजी न येणारे, मुलाच्या घराजवळ साइडवॉकवर फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, आणि मानेला इजा होऊन त्यांच्या अंगातली ताकदच गेली. त्या अधिकाऱ्यावर खटला चालला, ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं. आमच्या दारात आलेला मुलगा चांगला होता, हे नशीब. दरवेळी तोच येईल याची हमी कोणी द्यावी?

पण मला हे लिहायला बसवलं ते याने नाही. आतापर्यंत नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही ते आता सांगते.

अण्णांच्या फोटोच्या आधी दोन वर्षं त्याच ॲपवर मीही एक फोटो टाकला होता. उन्हाळ्यातली संध्याकाळ. उंच, आडव्या बांध्याचा एक मुलगा, डोक्यावर हूड, आमच्या मागच्या पाँडपाशी उभा. गवतात. हलत नव्हता. कधी पाण्याकडे बघे, कधी आमच्या खिडकीकडे. अर्धा तास झाला. लेक घरात एकटी होती, मी नुकतीच ऑफिसातून आलेली. फोटो काढला आणि लिहिलं, याला कोणी ओळखतं का? सलग तीन दिवस इथे घुटमळतोय. बस, एवढंच. एकही खोटा शब्द नाही. बाकीचं लोकांनी लिहिलं. चाळीसच्या वर उत्तरं आली. काहींच्यात त्याच्या कातडीच्या रंगाचाही उल्लेख होता, आडून. मी ती वाचत होते आणि मला बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. एकाच संध्याकाळी चाळीस शेजारी माझ्या बाजूने. दहा वर्षांत इतके लोक माझ्याशी बोलले नव्हते.

नंतर कळलं, तो कोपऱ्यावरच्या टाउनहोममध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातला मुलगा. सोळा वर्षांचा, ऑटिस्टिक. त्याला पाण्यावरचे पक्षी मोजायला आवडतात. रोज त्याच वेळी, त्याच जागी. त्याच्या आईने ॲपवर चार ओळी लिहिल्या होत्या, अगदी नम्रपणे, त्याचं नाव सांगून. मी पोस्ट काढून टाकली. त्यानंतर तो मुलगा पाँडवर दिसला नाही.

आणि मी माफी मागायला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. केक घेऊन जावं का? काय बोलावं? लोकांना कळलं तर? मंडळाच्या कार्यक्रमांत निवेदन करणारी मी, 'समजूतदार' म्हणून ओळखली जाणारी. स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडची गोष्ट, १८८६ मधली, आपल्याला वाटतं चांगला आणि वाईट माणूस यांची आहे. परत वाचली तेव्हा मला ती अब्रूची गोष्ट वाटली. जेकिल काही राक्षस नाही. त्याला चारचौघांत मान ताठ ठेवून फिरायचं असतं, आणि मनातल्या ज्या गोष्टी त्या मानेला शोभत नाहीत त्या लपवायला तो एक दुसरा माणूस तयार करतो. लंडनच्या सभ्य लोकांत 'लोक काय म्हणतील' नसतं तर हाइडची गरजच पडली नसती. आपल्या मराठी घरांत हे औषध बाटलीविना मिळतं. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचा मुलगा कॉलेज सोडून घरी बसलेला, कोणाला गोळ्यांशिवाय झोप नाही, आणि गणपतीत सगळे पैठणी-कुर्त्यात 'मजेत'. माझ्याकडे तो फोटो होता.

फेलिक्ससारख्या त्या शेजाऱ्याने निदान दुसऱ्या दिवशी येऊन हात धरला. मी दोन वर्षं गप्प.

अण्णांना मी त्या पोस्टमधलं एक अक्षरही वाचून दाखवलं नव्हतं. पण पोलिस गुड मॉर्निंग म्हणायला घरापर्यंत येत नाही, हे सदतीस वर्षं गर्दीतल्या माणसांची तोंडं वाचलेल्याला कळणार नाही का? त्यांनी विषय काढला नाही. फक्त घोंगडी खुंटीवरून गेली, बॅगेत. दोन दिवसांनी जावयाला म्हणाले, "ती तुमची निळी टोपी द्या वो मला." बेअर्सची, पुढे सी लिहिलेली. ती घालून, दिवस चांगला वर आल्यावर, आठ-साडेआठला बाहेर. रस्त्यात कोणी दिसलं की हात वर करून "हाय" म्हणायचं, नातीकडून शिकून घेतलं. आरशासमोर सराव करताना मी पाहिलं.

मला ड्रॅक्युला आठवला. हसू नका. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची, सिनेमांनी तिचे फक्त दात ठेवलेत. मूळ पुस्तकात तो म्हातारा सरदार इंग्लंडला जायच्या तयारीत असतो. इंग्रजी पुस्तकं, नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक वाचत बसतो. घरी आलेल्या वकिलाला म्हणतो, माझे उच्चार सुधारून दे. आमच्या देशात मी सरदार, सगळे ओळखतात, पण परमुलखात परक्याला कोणी विचारत नाही. रस्त्यात मला बघून कोणी थबकू नये, माझं बोलणं ऐकून कोणी बोलता बोलता थांबू नये, एवढंच मला हवंय. आणि सोबत नेतो काय? आपल्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या, कारण तिच्याशिवाय त्याला झोप येत नाही. आम्हाला तेवीस किलोच्या दोनच बॅगा मिळतात, नाहीतर आम्ही तरी काय वेगळं केलं असतं? लंडनच्या वाचकांना त्यात धास्ती वाटली ती हीच असणार, की हा येईल, आपल्यासारखा बोलेल, आणि ओळखू येणार नाही. म्हणजे परक्याने वेगळं दिसलं तरी भीती, सारखं दिसलं तरी भीती. मग त्याने करावं तरी काय?

जानेवारीत मोठा बर्फ पडला. अण्णा आठ वाजता गेले तोवर लोक कामाला निघून गेलेले, बर्फ गाड्यांखाली दबून दगड झालेला. तो काही निघेना. तीन-चार दिवसांनी शेजारच्या आजीबाई काठी टेकत दारात आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना चौकशी करायची होती, या वर्षी असोसिएशनची माणसं बर्फ काढायला का येत नाहीत? डिसेंबरात तर फार छान काढत होती, अगदी पायरीपर्यंत. मी त्यांना सांगितलं, असोसिएशन साइडवॉक कधीच काढत नाही. मग कोण काढत होतं, विचारलं. मी आत बसलेल्या अण्णांकडे बोट दाखवलं. आजीबाईंना दिसतं कमी. त्या आत आल्या, अण्णांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. दहा मिनिटं बोलल्या. अण्णांना एक शब्द कळला नाही, ते मधून मधून "हाय" म्हणत राहिले.

त्याच रविवारी मी केक घेतला आणि कोपऱ्यावरच्या टाउनहोमवर गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दार एका तेलुगू मुलीने उघडलं, कडेवर बाळ. तिला वाटलं तिचं पार्सल चुकून माझ्याकडे आलंय. आधीचे लोक मागच्या उन्हाळ्यातच गेले, कुठे ते तिला माहीत नव्हतं. मी केक तिलाच दिला. ती गोंधळली, पण घेतला. परत येताना पाँडपाशी थांबले. पाणी गोठलेलं, पक्षी काठावर गोळा झालेले. मोजायला लागले, सत्तावीसच्या पुढे चुकले.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. फोटोपासून. ते ऐकत होते, मध्ये एकदाही बोलले नाहीत. बराच वेळाने म्हणाले, "त्याच्या आईनं नाव सांगितलं हुतं म्हणालीस. काय नाव त्या पोराचं?"

मला आठवेना.

मार्चमध्ये अण्णा परत गेले. त्यांना सोडायला आम्ही तिघंही ओ'हेअरला गेलो. निळी टोपी घरी खुंटीवरच राहिली होती. डोक्यावर माकडटोपी, "विमानात गार असतं" म्हणून. सिक्युरिटीत ती काढायला लावली, बूटही काढायला लावले. काचेपलीकडे ट्रेमधून सामान बाहेर आलं, तेव्हा त्यांनी आधी टोपी घातली, मग बूट.